गादी कोरडी, तर कातडी निरोगी

महाराष्ट्रात ब्रॉयलर कोंबडी बहुधा कातडी सोलूनच विकली जाते. त्यामुळे तिच्या तळपायांवरील काळे व्रण किंवा छातीवरील फोड गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नाहीत, आणि कुक्कुटपालकही त्यांस क्षुल्लक मानतो. ही समजूत नुकसानीची आहे. पाय दुखणारा पक्षी दाण्याच्या भांड्याकडे कमी जातो व त्याचे वजन घटते. शिवाय फाटलेल्या कातडीतून रोगजंतू शरीरात शिरतात.

अशा वेळी हात प्रथम औषधाच्या बाटलीकडे जातो. परंतु दोषाचे मूळ बहुतेक वेळा ओल्या गादीत असते. ओलाव्याने तळपायाची कातडी मऊ पडते आणि विष्ठा तिला पोळते. म्हणून गादीतील ओलावा शेकडा २५ च्या आसपास राखणे इष्ट होय. याची परीक्षा सोपी आहे. मूठभर तूस दाबून सोडावे. गोळा तसाच राहिला, तर गादी फार ओली झाली असे समजावे.

निपलची गळती त्याच दिवशी बंद करावी व पक्षी वाढतील तशी निपलची उंची वाढवावी. ओले तूस काढून तेथे कोरडे घालावे. पावसाच्या भीतीने पडदे दिवसभर बंद ठेवणे हितावह नव्हे. सर थांबताच ते उघडून हवा खेळती ठेवावी. शेडमध्ये पक्ष्यांची दाटी करण्याचा मोहही टाळावा.

दर आठवड्यास काही पक्षी उचलून त्यांचे तळपाय पाहावेत. व्रण झाल्यावर औषधास पैसा घालण्यापेक्षा गादी कोरडी राखणे अधिक काटकसरीचे आणि मुक्या जिवास सुखाचे आहे.