व्हाइसरॉय हॉटेलात बदललेला जनादेश

हैदराबादच्या हुसेनसागराकाठी, टँकबंड रस्त्यालगत, आज मॅरियट नावाची पाटी असलेले एक मोठे हॉटेल आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याचे नाव व्हाइसरॉय होते आणि आंध्र प्रदेशातला सत्ताधारी पक्ष काही दिवस तिथे मुक्कामाला होता. मुख्यमंत्री एन. टी. रामाराव आपल्या जागी होते, पण त्यांचे बहुतेक आमदार या हॉटेलात, जावई चंद्राबाबू नायडू यांच्या देखरेखीखाली. सोबत रामारावांचे दोन मुलगे, हरिकृष्ण आणि बाळकृष्ण. दुसरे जावई दग्गुबाटी व्यंकटेश्वर राव हेही. बंडखोरांना समजवायला रामाराव आपल्या प्रसिद्ध ‘चैतन्य रथम्’ गाडीतून हॉटेलच्या दारात आले. ज्या गाडीच्या टपावर त्यांना बघायला लाखोंची गर्दी लोटत असे, त्याच गाडीच्या दिशेने त्या दिवशी चपला भिरकावल्या गेल्या.

३१ ऑगस्टला रामारावांनी राजीनामा दिला. १ सप्टेंबरला चंद्राबाबू मुख्यमंत्री झाले. १८ जानेवारी १९९६ रोजी रामाराव गेले.

तीस वर्षे हा प्रसंग सासरा-जावयाचा तमाशा म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो सांगायला सोयीचाही आहे. खुद्द रामारावांनीच त्याला तो रंग दिला. जावयाला ते औरंगजेब म्हणाले. ‘जामाता दशम ग्रह’ या नावाने त्यांनी आपले गाऱ्हाणे ध्वनिफितीत मांडले. जावई हा दहावा ग्रह, हे मराठी घरांनाही मुखपाठ असलेले वचन. शिवाय गोष्टीत दुसरी बायको होती. रामारावांचे चरित्र लिहायला आलेल्या लक्ष्मी पार्वती यांच्याशी १९९३ मध्ये, सत्तरीत, त्यांनी लग्न केले होते. म्हातारा नायक, तरुण पत्नी, रुसलेले मुलगे, कपटी जावई! तेलुगू सिनेमाच्या सर्वांत मोठ्या नटाच्या आयुष्याचा शेवटही सिनेमासारखाच झाला, असे म्हणून लेखणी खाली ठेवता येते.

पण या कौटुंबिक गोष्टीत मतदार कुठेच नाही. डिसेंबर १९९४ मध्ये तेलुगू देसमला २९४ पैकी २१६ जागा मिळाल्या होत्या, काँग्रेस २६ वर आली होती. लोकांनी ही मते दोन ठोस आश्वासनांना दिली होती. एक, दोन रुपये किलो तांदूळ. दुसरे, संपूर्ण दारूबंदी. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी १९९२ च्या सुमारास दारूच्या दुकानांविरुद्ध जो उठाव केला, तो राज्यभर पसरला होता. रामारावांनी तो ओळखला आणि शपथविधीच्या मंचावरच दारूबंदीच्या फायलीवर सही केली. चंद्राबाबू आल्यावर वर्षभरात तांदूळ साडेतीन रुपयांवर गेला. १९९७ मध्ये दारूबंदी उठली. तिजोरीची अवस्था पाहता या निर्णयांना आधार होता, हे मान्य करायला हरकत नाही; महसूल बुडत होता, अनुदानाचा बोजा वाढत होता. तो युक्तिवाद घेऊन निवडणुकीला सामोरे जाणे ही एक रीत. हॉटेलात नेता बदलून मागाहून जाहीरनामा बदलणे ही दुसरी. आंध्रच्या वाट्याला दुसरी आली. १९९९ मध्ये मतदारांनी चंद्राबाबूंना पुन्हा निवडून दिले हे खरे, पण तोवर विषय निकाली निघाला होता.

आमदार जावयाकडे का गेले? त्यांचे त्या वेळचे उत्तर एकच होते: लक्ष्मी पार्वतींचा हस्तक्षेप. बदल्या, नेमणुका, पदे त्यांच्या मर्जीने ठरतात, असा आरोप होता. त्यात तथ्य नसेलच असे नाही. तरीही सगळे खापर त्या बाईंच्या माथी फोडण्यात आमदारांची मोठी सोय होती. कारण मर्जीचा कारभार त्यांच्या येण्याआधीपासूनच चालू होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये अर्थसंकल्पातला मजकूर फुटल्यावर रामारावांनी सगळे मंत्रिमंडळच एका फटक्यात बरखास्त केले होते. तेव्हा बहुतेक आमदारांना पक्षातल्या हुकूमशाहीची आठवण झाली नाही. मर्जी रामारावांची होती तोवर ती चालत होती. ती त्यांच्या पत्नीकडे गेल्याचे दिसताच आमदारांना लोकशाही आठवली.

मुळात हा पक्ष जन्मला तो मर्जीच्या राजकारणाविरुद्धच. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत दिल्लीच्या काँग्रेसश्रेष्ठींनी आंध्रला चार मुख्यमंत्री दिले: चेन्ना रेड्डी, अंजय्या, भवनम व्यंकटरामी रेड्डी, विजयभास्कर रेड्डी. अंजय्यांनी असंतुष्टांना शांत करण्यासाठी साठच्या आसपास मंत्री केले होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये राजीव गांधी बेगमपेट विमानतळावर उतरले, तेव्हा स्वागताचा थाट पाहून त्यांनी मुख्यमंत्र्यांना तिथेच झापले आणि त्याच महिन्यात अंजय्या गेले. जेमतेम महिन्यापूर्वी मुंबईत अंतुले उच्च न्यायालयाच्या निकालामुळे पायउतार झाले होते, आणि त्यांच्या जागी दिल्लीने बाबासाहेब भोसले यांना बसवून सगळ्यांनाच बुचकळ्यात टाकले होते. महाराष्ट्राने हा प्रकार हसण्यावारी नेला. आंध्रात मात्र तो अपमान लोकांच्या जिव्हारी लागला. २९ मार्च १९८२ रोजी रामारावांनी हैदराबादेत ‘तेलुगू आत्मगौरवा’च्या नावाने पक्ष काढला आणि नऊ महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये, दोनशेच्या वर जागा जिंकून काँग्रेसला घरी बसवले.

मुख्यमंत्र्याचे नाव घेऊन येणाऱ्या दिल्लीच्या बंद लखोट्याला हरवणाऱ्या या पक्षात लखोटा मात्र राहिलाच. फक्त तो आता हैदराबादेत बंद होऊ लागला.

चंद्राबाबूंनी आमदार सांभाळण्याची विद्या कुठे मिळवली, हे पाहण्यासारखे आहे. ते आधी काँग्रेसचे, अंजय्यांच्या सरकारात मंत्री. १९८३ मध्ये चंद्रगिरीतून सासऱ्याच्याच पक्षाच्या उमेदवाराकडून हरले आणि मग सासऱ्याच्या पक्षात आले. पुढच्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९८४ रोजी, अमेरिकेतून हृदयशस्त्रक्रिया करून परतलेल्या रामारावांना राज्यपाल रामलाल यांनी बडतर्फ केले आणि अर्थमंत्री नादेंडला भास्कर राव यांचा शपथविधी उरकला. तेव्हा निष्ठावान आमदारांची मोट बांधण्याचे, त्यांना रामारावांच्या स्टुडिओत आणि मग रामकृष्ण हेगडे यांच्या कर्नाटकात सुरक्षित ठेवण्याचे काम चंद्राबाबूंनी केले. आमदारांची फौज दिल्लीत राष्ट्रपती झैलसिंग यांच्यासमोर उभी राहिली, देशभरचे विरोधक एकवटले, रामलाल गेले, शंकर दयाळ शर्मा आले आणि महिन्याभरात रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकशाही वाचली म्हणून देशाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही: सरकार वाचवण्यासाठी आमदार कोंडून ठेवता येतात, तसे ते सरकार पाडण्यासाठीही ठेवता येतात. अकरा वर्षांनी त्याच माणसाने तेही करून दाखवले.

१९९५ मध्ये दिल्लीत पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव. हैदराबादी राजकारण ते कोळून प्यायले होते. १९७१ मध्ये ते आंध्रचे मुख्यमंत्री झाले. नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य देणाऱ्या मुल्की नियमांवरून ‘जय आंध्र’ आंदोलन पेटले तेव्हा त्यांच्याच मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि जानेवारी १९७३ मध्ये त्यांना जावे लागले. (हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चे तेलुगू भाषांतर करणारा आणि रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेला हा माणूस मराठी वाचकाला परका नाही.) सत्ताधारी पक्षातल्या पक्षात घर फिरले की मुख्यमंत्र्याचे काय होते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? या वेळी १९८४ सारखी दिल्लीतून ढवळाढवळ झाली नाही. तिची गरजच पडली नाही.

कायदा मात्र दरम्यान आला होता. भास्कर राव प्रकरणानंतर काही महिन्यांतच, १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची घटनेत घातली गेली. एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते, एक तृतीयांश मिळून फुटले तर वाचते, अशी तिची तऱ्हा. व्हाइसरॉयमधल्या मंडळींना तिचीही भीती नव्हती. ते फुटलेच नव्हते. आम्हीच तेलुगू देसम, असे ते म्हणाले. नाव आणि सायकलचे चिन्ह त्यांच्याकडे गेले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत आंध्रच्या ४२ पैकी १६ जागा चंद्राबाबूंना मिळाल्या, लक्ष्मी पार्वतींच्या गटाला एकही नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची पळवाट बुजवली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उरली.

जून २०२२ मध्ये सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांतून महाराष्ट्राचे सरकार पडले, तेव्हा इथल्या अनेकांना काहीतरी अभूतपूर्व घडल्यासारखे वाटले. हैदराबादकरांना तसे वाटायचे कारण नव्हते. मूळ पक्ष आमचाच हा दावा, चिन्ह बंडखोरांकडे जाणे, आणि विश्वासदर्शक ठरावाला सामोरे न जाता मुख्यमंत्र्याने राजीनामा देणे, हे सगळे तिथे सत्तावीस वर्षांपूर्वी होऊन गेले होते. यातली शेवटची गोष्ट किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये उद्धव ठाकरे यांच्याबाबत सांगितलेच: राज्यपालांचे चुकले, पण राजीनामा दिला असल्याने सरकार परत आणता येत नाही.

तेलंगण वेगळे झाल्यावर तरी हैदराबाद बदलले का? के. चंद्रशेखर राव चंद्राबाबूंच्या मंत्रिमंडळातले. २००१ मध्ये तेलुगू देसममधून बाहेर पडून त्यांनी तेलंगण राष्ट्र समिती काढली. आजचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी हेही तेलुगू देसममधून आलेले. त्या पक्षात असताना, मे २०१५ मध्ये, विधान परिषदेच्या मतासाठी आमदाराला पैसे देऊ केल्याच्या आरोपावरून त्यांना लाचलुचपत विभागाने अटक केली होती. शाळा एकच असल्यावर धडेही तेच. २०१९ मध्ये काँग्रेसचे अठरा आमदार उरले असताना त्यातले बारा, म्हणजे हिशेबाने बरोबर दोन तृतीयांश, चंद्रशेखर रावांच्या पक्षात विलीन झाले. २०२३ मध्ये सत्ता गेल्यावर त्यांच्या ३९ पैकी दहा आमदार काँग्रेसकडे वळले. या वेळी दोन तृतीयांशाचा आव आणण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ जुलै २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने विधानसभाध्यक्षांना तीन महिन्यांत निकाल द्यायला सांगितले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली पण रोगी दगावला, असे होऊ देता येणार नाही, हे या निकालातले सूत्र होते.

न्यायालय तारीख देऊ शकते. पक्षाच्या आत बोलायची जागा ते देऊ शकत नाही. चंद्रशेखर राव २००१ पासून पक्षाध्यक्ष आहेत, दर वेळी बिनविरोध. मे २०२५ मध्ये कडप्पाच्या ‘महानाडू’ या पक्षाधिवेशनात चंद्राबाबूही बिनविरोधच निवडले गेले. काँग्रेसने २०२२ मध्ये राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी खर्गे-थरूर अशी खरी निवडणूक घेतली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे; पण तेलंगणचा प्रदेशाध्यक्ष अजूनही दिल्लीच नेमते.

मे २०२५ मध्ये चंद्रशेखर रावांच्या कन्या कविता यांनी वडिलांना लिहिलेले पत्र बाहेर आले. वरंगळजवळच्या २७ एप्रिलच्या सभेत भाजपवर इतकी थोडी टीका का झाली, अशी त्यांची विचारणा होती. कुठल्याही जिवंत पक्षात कार्यकारिणीच्या बैठकीत दहा जणांनी विचारावा असा हा साधा प्रश्न. इथे तो पक्षप्रमुखाच्या मुलीलाही चिठ्ठी लिहूनच विचारावा लागला. वडील देव आहेत, भोवती सैतान आहेत, असे त्या म्हणाल्या. पुढे काळेश्वरम सिंचन प्रकल्पाच्या कारभारावरून त्यांनी हरीश राव आणि संतोष कुमार या नात्यातल्याच दोन नेत्यांवर उघड आरोप केले. २ सप्टेंबरला त्या निलंबित झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पक्ष व विधान परिषद दोन्ही सोडले. वर्तमानपत्रांनी घरातल्या भांडणाचे रकाने भरले. चर्चा रंगली ती पत्र फोडले कुणी याचीच.