निवेदन: हिंगणा-बुटीबोरीच्या पाळ्या आणि घरची मुले यांचा विद्यापीठाने अभ्यास करावा

प्रति,
मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

विषय: नोकरदार आईवडिलांच्या ओढाताणीचा अभ्यास करून तो उद्योगांना उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

आम्ही नागपूरच्या हिंगणा, बुटीबोरी आणि मिहान या औद्योगिक परिसरांत नोकरी करणारे आईवडील हे निवेदन सादर करीत आहोत.

पुढच्या आठवड्याची पाळी आमच्यापैकी अनेकांना साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कळते. मग सुट्टीचा दिवस मूल सांभाळण्यासाठी सासूबाईंना, शेजारणीला विनवण्यात जातो. 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, ही तरतूद 2017 मध्ये कायद्यात आली. आमच्यापैकी एकीने पाळणाघर मागितले, तेव्हा "मुलं आणणार तरी कोण?" असे उत्तर मिळाले. तान्हे मूल कंपनीच्या बसने बुटीबोरीला न्यायचे, की वस्तीजवळच सोय करायची, हे आयांना विचारल्याशिवाय ठरणार कसे?

2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज सरासरी 289 मिनिटे जातात, पुरुषाची 88. पण देशाच्या सरासरीत आमचा जून दिसत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात आणि मुले तोवर घरीच असतात, हे मुंबई-पुण्याच्या मुख्यालयांत बसून रजा मंजूर करणाऱ्यांना कोण सांगणार?

शिकागो विद्यापीठाच्या सुसान लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी गॅप कंपनीच्या काही दुकानांत कामाच्या वेळा स्थिर ठेवून पाहिल्या. तिथली विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. नुकसानीची मालकांची भीती आमच्या विनवण्यांनी जात नाही, अशा मोजणीने जाते.

आणि कामगारांची सोय कायद्याच्या आधी करणे नागपूरला परके नाही. इथल्या एम्प्रेस मिलने 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला, 1895 पासून अपघाताची भरपाई दिली. भरपाईचा कायदा आला 1923 मध्ये, आपले विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी.

म्हणून गृहविज्ञान, समाजशास्त्र व व्यवसाय व्यवस्थापन या विषयांच्या अभ्यासकांनी मिळून येत्या शैक्षणिक वर्षात या तिन्ही ठिकाणी सर्वेक्षण करावे. त्यात कंत्राटी कामगारांना आणि वडिलांनाही विचारावे. उत्तर देणाऱ्याचे नाव कंपनीला कळू नये, ही आमची सर्वांत आग्रहाची मागणी आहे; त्याशिवाय कोणी खरे बोलणार नाही. दोन-तीन कारखान्यांत पाळी पंधरा दिवस आधी जाहीर करण्याचा प्रयोग विद्यापीठाच्या देखरेखीखाली व्हावा आणि निष्कर्ष मराठीत छापून उद्योजक व कामगार आयुक्तालय यांना द्यावेत.

माहिती देण्यासाठी पाळी सुटल्यावर थांबायला आम्ही तयार आहोत. भेटीची तारीख मात्र आठवडाभर आधी कळवावी, पाळी बदलून घ्यावी लागते.

आपले विनीत,
हिंगणा, बुटीबोरी व मिहान येथील नोकरदार आईवडील