जाहिरातींवर क्लिक करून पैसे: पहिले दीडशे रुपये नेमके कोणाचे असतात?

‘घरबसल्या काम. मोबाइलवर जाहिराती बघा, क्लिक करा, रोज ५०० ते १,५०० रुपये मिळवा.’ असा संदेश आज बहुतेकांच्या फोनवर येऊन गेलेला असतो. पाठवणारा अनोळखी असतो आणि काम सोपे असते. शिक्षणाची अट नसते, वयाची नसते, अनुभवाचीही नसते. महिन्याला १,५०० रुपयांच्या मदतीवर घराचे गणित बसवणाऱ्या बाईला किंवा चार महिन्यांतून एकदा २,००० रुपयांचा हप्ता मिळणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा मोठा वाटणारच. त्यात हाव शोधण्याचे कारण नाही. कमाईची गरज खरी असते आणि फसवणारे याच गरजेवर डोळा ठेवून असतात.

या लेखात दोन गोष्टी पाहू. अशा संकेतस्थळांमागचा पैसा कुठून येतो, आणि ज्या खात्यात सरकारी योजनेची रक्कम जमा होते त्या खात्यावर याचा काय परिणाम होतो.

एका क्लिकची खरी किंमत

दुकानदार जाहिरातीवर पैसे खर्च करतो, कारण ती पाहून कोणीतरी वस्तू विकत घेईल अशी त्याला आशा असते. केवळ पैसे मिळतात म्हणून जाहिरात उघडणारा माणूस काही विकत घेत नाही. अशा क्लिकचा दुकानदाराला उपयोग शून्य. म्हणूनच जाहिरातींचा सर्वांत मोठा व्यवसाय करणाऱ्या गूगलच्या नियमांत, लोकांना पैसे देऊन जाहिरातींवर क्लिक करून घेण्यास मनाई आहे. असे क्लिक तिथे अवैध धरले जातात.

जाहिराती पाहण्याचे खरोखर पैसे देणारी काही संकेतस्थळे आहेत. पण ती एका जाहिरातीमागे रुपयाचा लहानसा अंशच देतात. समजा, एका जाहिरातीला १० पैसे मिळाले आणि ती ३० सेकंद पाहावी लागली. ५०० रुपये मिळवायला ५,००० जाहिराती पाहाव्या लागतील आणि त्याला ४१ तासांहून अधिक वेळ लागेल. मग एका क्लिकला ५० रुपये देणाऱ्याकडे ते ५० रुपये कुठून येतात? जाहिरातदार तर इतके देत नाही. म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येत असणार.

दोन जुनी प्रकरणे

हा प्रकार नवा नाही. २०१० च्या सुमारास ‘स्पीक एशिया ऑनलाइन’ ही सिंगापूरची कंपनी भारतात गाजत होती. ११,००० रुपये भरून सभासद व्हायचे, दर आठवड्याला इंटरनेटवर सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, अशी तिची योजना होती. नवे सभासद आणणाऱ्याला वेगळी रक्कम मिळे. २०११ मध्ये पैसे देणे थांबले, आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. सभासदांची संख्या तोवर लाखांत गेली होती.

दुसरे प्रकरण नोएडाचे. ‘एब्लेझ इन्फो सोल्यूशन्स’ ही कंपनी ‘सोशल ट्रेड’ नावाचे संकेतस्थळ चालवत होती. ५,७५० ते ५७,५०० रुपये भरून सभासद व्हायचे आणि रोज दिलेल्या लिंकवर क्लिक करायचे. प्रत्येक क्लिकला ५ रुपये. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने कंपनीच्या संचालकाला अटक केली. सहा लाखांहून अधिक लोकांकडून सुमारे ३,७०० कोटी रुपये गोळा झाल्याचे पोलिसांनी सांगितले. बाहेरचे जाहिरातदार जवळपास नव्हतेच. नव्या सभासदांनी भरलेल्या रकमेतूनच जुन्यांना पैसे दिले जात होते.

या प्रकरणाचा हिशेब साध्या वहीतही मांडता येतो. ५,७५० रुपये भरणाऱ्याला आपलेच पैसे परत मिळवायला ५ रुपयांप्रमाणे १,१५० क्लिक करावे लागत. तोवर त्याच्यामागे आणखी कोणी पैसे भरले असतील, तरच त्याला ते मिळत. नवे लोक यायचे थांबले की योजना कोसळते. शेवटी आलेला माणूस सर्वांत जास्त बुडतो, आणि बहुतेक वेळा तो आधीच्या सभासदाचा नातेवाईक किंवा शेजारी असतो.

आता तेच मोबाइलच्या गटात

आज ना कार्यालय दिसते ना संचालक. व्हॉट्सॲपवर संदेश येतो आणि पुढचे सगळे टेलिग्रामच्या गटात चालते. साधारण क्रम असा असतो:

१. आधी फुकट काम. तीन जाहिराती उघडा किंवा तीन व्हिडिओ लाइक करा. १५० रुपये खरोखर खात्यात येतात.

२. मग ‘प्रीपेड टास्क’. १,००० रुपये भरा, काम करा, १,३०० परत घ्या. हेही एकदा मिळतात.

३. पुढे रक्कम वाढत जाते: ५,०००, २०,०००, ५०,०००. संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे मोठी शिल्लक दिसते, पण ती काढता येत नाही.

४. काढायला गेलात की ‘कर भरा’, ‘चूक झाली, दंड भरा’, ‘खाते अनलॉक करायला फी भरा’ असे सांगितले जाते. जितके भराल तितकी नवी कारणे निघतात.

गटात रोज पैसे मिळाल्याचे फोटो टाकणारे ‘सभासद’ बहुधा त्याच टोळीचे असतात. स्क्रीनवरची शिल्लक म्हणजे फक्त टाइप केलेला आकडा असतो. बँकेत तसे काहीच नसते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या नावाखाली संघटित फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. पण एक नाव बंद झाले की तेच दुकान दुसऱ्या नावाने उघडते. म्हणून नावांची यादी पाठ करून उपयोग नाही. कामाची पद्धत ओळखता आली पाहिजे.

योजनेच्या खात्याचा यात काय संबंध?

‘मला तर पैसे मिळाले, माझे काय गेले?’ असे अनेकांना वाटते. धोका नेमका इथे आहे. सुरुवातीचे १५० रुपये टोळी आपल्या खिशातून देईलच असे नाही. ते दुसऱ्या राज्यात फसवल्या गेलेल्या एखाद्या माणसाच्या खात्यातून फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलेले असू शकतात. त्या माणसाने तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढतात. रक्कम ज्या ज्या खात्यांतून गेली, ती खाती रोखण्याची सूचना बँकांना जाते. त्या साखळीत तुमचेही खाते येते.

खाते गोठले की त्यातून काहीच काढता येत नाही. पीएम-किसानचा हप्ता असो, लाडकी बहीण योजनेची रक्कम असो, विधवा किंवा वृद्धापकाळ निवृत्तिवेतन असो, रोजगार हमीची मजुरी असो. आधारशी जोडलेली थेट लाभाची रक्कम एका वेळी एकाच खात्यात जमा होते. तेच खाते अडकले तर रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो, पण हातात रुपया पडत नाही. १५० रुपयांसाठी कित्येक महिन्यांची मदत अडकते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे ‘तुमचे खाते आम्हाला वापरायला द्या, दरमहा भाडे देऊ’ अशी मागणी. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिले की त्या खात्यातून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारासाठी पोलीस आधी खातेदारालाच विचारतात. ओळखीच्या माणसाने मागितले तरी खाते देऊ नका.

या खुणांवर विसंबू नका

कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र किंवा जीएसटी क्रमांक दाखवला जातो. कंपनी नोंदवणे वेगळे आणि लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी असणे वेगळे. सोशल ट्रेडमागची कंपनीही नोंदणीकृतच होती.

संकेतस्थळाच्या पत्त्याआधीचे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. संकेतस्थळ चालवणारा प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही.

मराठी अशुद्ध असेल तर फसवणूक, हा ठोकताळाही आता चालत नाही. पूर्वी मोडक्या भाषेवरून बनावट संदेश पटकन ओळखता येत. आता शुद्ध, अदबीचे मराठी कोणालाही मशीनकडून मिनिटात लिहून घेता येते. भाषेपेक्षा मागणीकडे पाहा.

राजमुद्रा किंवा मंत्र्यांचा फोटोही पुरावा नाही. जाहिरातींवर क्लिक करण्याचे पैसे देणारी कोणतीही सरकारी योजना नाही. योजनेच्या नावाने आलेली एपीके फाइल तर उघडूच नका. ती फोनमध्ये शिरली की ओटीपीसह तुमचे संदेश दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात.

काम घेण्याआधी पाच प्रश्न

- काम मिळवण्यासाठी किंवा मजुरी काढण्यासाठी मला पैसे भरावे लागतात का? उत्तर ‘हो’ असेल तर तिथेच थांबा. मजुरीचा पैसा मालकाकडून मजुराकडे येतो. उलटा प्रवास सुरू झाला की ते काम राहत नाही.
- हे पैसे शेवटी कोण देतो, आणि त्याला माझ्या क्लिकचा काय फायदा? सरळ उत्तर मिळाले नाही तर नकार द्या.
- माणसे जोडल्यावर कमाई वाढते का? अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. त्या चालवणे हा गुन्हा आहे, सभासद होणे किंवा इतरांना जोडणे हाही गुन्हा आहे.
- प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर भरायला किंवा तिथून घ्यायला लागतात का? खऱ्या कंपनीचे खाते कंपनीच्या नावाने असते.
- ‘दहा मिनिटांत भरा, नाहीतर आधीचे बुडतील’ अशी घाई आहे का? घाई करायला लावतात ती तुम्ही कोणाला विचारू नये म्हणून.

ठेव किंवा गुंतवणूक म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर त्या संस्थेची माहिती तपासता येते आणि तक्रारही करता येते.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक देशभर एकच आहे. तुम्ही सुरतमध्ये असा, बेळगावात, इंदूरमध्ये किंवा हैदराबादमध्ये, गावी परतण्याची वाट पाहू नका. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोहोचली तर तो रोखता येतो, म्हणून पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पैसे तुम्ही स्वतः यूपीआयने पाठवलेले असल्याने बँक ते आपोआप भरून देईल असे समजू नका. गटातले संदेश, फोटो, क्रमांक पुसू नका. तेच तुमचे पुरावे आहेत. ‘फी द्या, बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारेही बहुतेक वेळा त्याच धंद्यातले असतात.

खाते गोठले असेल तर बँकेकडून लेखी विचारा: कोणत्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून, कोणत्या तक्रार क्रमांकावरून आणि किती रकमेसाठी? त्या तपास अधिकाऱ्याला आपली बाजू पुराव्यासह कळवा. वादातली रक्कम रोखून बाकीचे खाते खुले करावे अशी लेखी विनंती करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात वादातल्या रकमेपुरतेच खाते रोखावे, असे म्हटले आहे. पुढचे हप्ते अडकू नयेत म्हणून आधार जोडणी दुसऱ्या चालू खात्याकडे, उदाहरणार्थ इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या खात्याकडे, वळवून घेता येते.

आणि घरात कोणी फसले असेल तर आधी रागावू नका. बोलणी बसतील या भीतीने माणूस गप्प राहतो, आणि तेवढ्या वेळात पैसा चार खाती पुढे गेलेला असतो. आधी १९३० वर फोन लावा, बाकीचे नंतर बोला.