पासवर्ड हरवला, पण पेटीत काही आहे का?

गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. चांगलं चार पानी, हाताने लिहिलेलं. यजमान दीड वर्षापूर्वी अचानक हृदयविकाराने गेले. पुण्याच्या कंपनीत नोकरीला होते, कॉम्प्युटरची भारी आवड. त्यांच्या मागे पीएफ, विमा, बँकेची ठेव, सगळं कागदोपत्री नीट मिळालं. आता दीर म्हणतात, दादाने बिटकॉइन घेतले होते, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये वॉलेट आहे, पासवर्ड मात्र कोणालाच ठाऊक नाही. जवळच्या शहरातल्या एकाने सांगितलंय, की पासवर्ड शोधून देणारं सॉफ्टवेअर टाकून देतो. पंधरा हजार आधी द्या, आणि जे निघेल त्यातले चार आणे माझे. दीर कॉम्प्युटर न्यायला येणार आहेत. 'ताई, देऊ का?' एवढाच त्यांचा प्रश्न.

त्यांना उत्तर मी पत्राने कळवलं आहेच. पण हा प्रश्न आता एकीचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४मध्ये एका बिटकॉइनने एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला, ऑक्टोबर २०२५मध्ये तो सव्वा लाखाच्याही वर जाऊन आला आणि मग पुन्हा घसरला. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने थोडे पैसे घालून विसरून गेलेल्यांना एकदम आठवण झाली, माळ्यावरचे जुने लॅपटॉप खाली उतरू लागले. आणि जिथे हरवलेलं शोधणारे लोक, तिथे शोधून देतो म्हणणारेही आलेच!

आधी हे वॉलेट काय ते पाहू. नाव पाकिटाचं असलं तरी त्यात पैसे नसतातच. बिटकॉइनचा सगळा हिशेब जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर ठेवलेल्या एका उघड्या वहीत असतो. वॉलेटमध्ये असते ती त्या वहीतली आपली रक्कम हलवायची किल्ली, आणि त्या किल्लीवर पासवर्डचं कुलूप. बँकेत पासबुक हरवलं तर साहेबांपुढे जाऊन अर्ज करता येतो. १ नोव्हेंबर २०२५पासून तर बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. इथे साहेबच नाही. नॉमिनीचा रकाना नाही की मृत्यूचा दाखला घेणारी खिडकी नाही.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. पुष्कळ लोक बिटकॉइन घेतात ते एखाद्या कंपनीकडे खातं उघडून, पॅन आणि आधार देऊन. ते खातं त्या कंपनीच्या ताब्यातलं असतं. तिथे पासवर्ड हरवला तर कंपनीकडेच दाद मागायची. वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन लेखी अर्ज करायचा. त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. यजमानांच्या ईमेलमध्ये अशा कंपनीची पत्रं आहेत का, बँकेच्या उताऱ्यात तिला पैसे गेल्याची नोंद आहे का, हे पाहिलं की निम्मा उलगडा होतो. किल्ली स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ठेवली असेल तरच पुढची गोष्ट.

आणि पुढची गोष्टही सॉफ्टवेअरपासून सुरू होत नाही. ती वही उघडी असते, असं मी वर म्हटलं ना? त्यामुळे कोणत्याही वॉलेटचा पत्ता, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ती लांबलचक ओळ, हाती असेल तर त्यावर किती शिल्लक आहे हे कोणालाही फुकट बघता येतं. पासवर्ड लागतो तो पैसे हलवायला, बघायला नव्हे. हा पत्ता जुन्या ईमेलमध्ये, डायरीत, खरेदीच्या पावतीत सापडू शकतो. 'आत किती आहे ते बघायलाच आमचं सॉफ्टवेअर लागतं' असं जो म्हणतो, तो एक तर अडाणी किंवा लबाड.

पेटीत काही आहे का, हे आधी का बघायचं, त्याची एक गोष्ट सांगते. तिचा एक धागा आपल्या जयपूरला आहे. कॅनडात क्वाड्रिगा नावाची बिटकॉइन खरेदी-विक्रीची कंपनी होती. तिचा मालक जेराल्ड कॉटन पत्नीबरोबर भारतात आला असताना डिसेंबर २०१८मध्ये जयपूरच्या रुग्णालयात वारला. वय अवघं तीस. कंपनीचे ७६ हजारांवर गिऱ्हाईक, त्यांचे सुमारे साडेएकवीस कोटी कॅनेडियन डॉलर अडकलेले, आणि किल्ल्या म्हणे एकट्या मालकाला माहीत! त्याच्या पत्नीने कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, की लॅपटॉप कुलूपबंद आहे, पासवर्ड मला माहीत नाही, पुष्कळ शोधला पण कुठेही लिहिलेला सापडला नाही. जगभर चर्चा झाली ती हरवलेल्या पासवर्डची. तज्ज्ञ लावले गेले. पुढे हिशेब तपासणाऱ्यांनी त्या उघड्या वहीत वॉलेटचे पत्ते धुंडाळले, तर ती मालकाच्या मृत्यूच्या कितीतरी महिने आधीच रिकामी झालेली! ओंटारिओच्या सरकारी नियामकाने २०२०मध्ये निष्कर्ष काढला, की पैसे पासवर्डपायी अडकलेले नव्हते, मालकानेच लोकांच्या पैशांवर सट्टा खेळून ते उडवले होते. म्हणजे सगळे किल्ली शोधत होते आणि तिजोरी कधीच साफ झाली होती. लोकांचा रोष, संशय मात्र त्या बाईच्या वाट्याला आला.

आता त्या सॉफ्टवेअरकडे वळू. ते खरंच असतं का? असतं. त्यात जादू मात्र नाही. प्रवासी बॅगेला तीन आकडी कुलूप असतं ना, तसंच समजा. आकडा विसरलात तर ००० पासून ९९९ पर्यंत एकेक लावत बसलं, की दुपारभरात बॅग उघडते. सॉफ्टवेअर तेच करतं, फक्त भराभर. पण पासवर्ड आठ अक्षरांचा असेल, अगदी साधी छोटी इंग्रजी अक्षरंच वापरलेली असतील, तरी त्याच्या जोड्या होतात २०,८८२ कोटी! सेकंदाला हजार जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपवायला साडेसहा वर्षांहून जास्त काळ लागेल. त्यात मोठी अक्षरं आणि आकडे मिसळले, की हिशेब हजारो वर्षांवर जातो. बऱ्याच वॉलेटना पासवर्डच्या जोडीला बारा शब्दांची एक यादी असते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या कोशातले. अकरा शब्द क्रमाने ठाऊक असून एकच पुसला गेला असेल, तर काही मिनिटांचं काम. दोन गेले तर ४१ लाख ९४ हजार जोड्या, तेही जमतं. बाराही गेले तर कोणाच्या बापालाही जमणार नाही.

तेव्हा हे सॉफ्टवेअर चालतं ते आपल्या आठवणीवर. आपण त्याला सांगायचं, की ह्यात मुलीचं लाडाचं नाव असेल, स्कूटरचा नंबर असेल, पहिलं अक्षर मोठं असेल. मग ते त्या तुकड्यांच्या जोड्या लावून पाहतं. अमेरिकेतल्या जो ग्रँड नावाच्या तंत्रज्ञाने आपल्या एका जोडीदाराच्या मदतीने ४३.६ बिटकॉइनचं एक वॉलेट असंच उघडलं, ते २०२४मध्ये गाजलं. मालकाने २०१३मध्ये पासवर्ड बनवून देणाऱ्या एका प्रोग्रॅमकडून वीस अक्षरी पासवर्ड घेतला होता. त्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत खोट अशी, की पासवर्ड त्या क्षणाच्या तारीख-वेळेवरून ठरायचा. पण नक्की कधी बनवला, हे मालकाला आठवेना! त्याने सांगितलेल्या अंदाजावर शोध फसला. मग त्याचे त्या वर्षातले दुसरे पासवर्ड पाहिले, त्यांत खुणांची अक्षरं नव्हती. तशी दुरुस्ती केल्यावर १५ मे २०१३ची दुपार सापडली आणि कुलूप उघडलं. एवढा मोठा तंत्रज्ञ, पण अडलं कुठे, तर आठवणीपाशी.

हे वाचताना मला सारखी ती पत्र लिहिणारी भगिनी डोळ्यांपुढे येत होती. नवरा पासवर्डला काय वापरायचा, गावाचं नाव की मुलीची जन्मतारीख, वायफायचा पासवर्ड काय ठेवला होता, डायरीच्या मागच्या पानावर काय खरडायचा, हे कोणाला माहीत असणार? पंधरा हजार मागणाऱ्या त्या शहरातल्या माणसाला? घरातल्या बाईला 'तुला त्यातलं काय कळतं' म्हणून बाजूला बसवायचं, आणि आठवणीची चावी मात्र तिच्याचकडे, असा हा प्रकार.

धोका आहे तो सॉफ्टवेअर टाकण्याच्या क्षणात. जो प्रोग्रॅम तुमच्यासाठी पासवर्ड शोधतो, त्यालाच तो सगळ्यात आधी कळतो. त्याच्या पोटात दुसरं काही लपलेलं असेल, तर तुम्ही 'सापडला' म्हणून टाळ्या पिटेपर्यंत रक्कम परदेशी गेलेली असते, आणि त्या वहीतली नोंद कोणालाच मागे फिरवता येत नाही. काही प्रोग्रॅम तर काहीच शोधत नाहीत. पडद्यावर 'दोन बिटकॉइन सापडले' असं खोटंच दाखवतात आणि ते काढायला लायसन्सचे पैसे मागतात, मग कर, मग अजून एक फी. काही नुसतेच घरभेदी: कॉम्प्युटरमध्ये साठवलेले नेट बँकिंगचे पासवर्ड गुपचूप बाहेर पाठवतात. कोणी म्हणालं 'अँटिव्हायरस जरा बंद करा', किंवा तुमचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, किंवा बारा शब्द फोनवर विचारले, की तिथेच थांबायचं. अमेरिकेच्या एफबीआयनेही २०२३मध्ये अशा 'गेलेले पैसे परत मिळवून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता.

खऱ्या कामाची रीत वेगळी असते. बीटीसी-रिकव्हरसारखी चांगली साधनं फुकट आहेत, त्यांच्या आत काय लिहिलंय ते जाणकाराला वाचता येतं. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढतात आणि इंटरनेटची वायर काढलेल्या कॉम्प्युटरवर चालवतात. घरातल्या इंजिनिअर भाची-पुतण्याला समोर बसवून हे करता येतं. परक्याच्या हाती मात्र जपूनच द्यावं. आपल्या पुण्याचंच बघा ना. २०१८च्या गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी दोन सायबरतज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२मध्ये पुणे पोलिसांनीच त्या दोघांना अटक केली; तपासात हाती आलेल्या वॉलेटमधले बिटकॉइन त्यांनी स्वतःकडे वळवले, असा आरोप आहे. जिथे पोलिसांवर ही पाळी, तिथे आपली काय कथा?

दिरांचा मुद्दा राहिलाच. ऑक्टोबर २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असं स्पष्ट म्हटलं. मालमत्ता म्हटली की वारसा आला. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिला हक्क बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांचा. ही माणसं असताना भावाला वाटा येत नाही. दीर मदत करत असतील तर आनंदच आहे, पण कॉम्प्युटर घराबाहेर जाण्याआधी कोणाकडे, कशासाठी, कधीपर्यंत, हे कागदावर लिहून सही घ्यायला संकोच कसला? आणखी एक. उद्या खरंच रक्कम निघाली आणि विकली, तर २०२२पासूनच्या नियमाप्रमाणे नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि त्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही. म्हणजे ती पंधरा हजारांची फी आणि ते चार आणे, दोन्ही तुमच्याच पदरचे.

आणि कोणी असं सॉफ्टवेअर आधीच टाकून बसलं असेल तर? त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट ताबडतोब बंद करा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. आणि तो जुना कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह, डायऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३मध्ये कचऱ्यात गेली. डेपो उकरू द्या म्हणून तो नगरपालिकेशी वर्षानुवर्षं भांडला, आणि जानेवारी २०२५मध्ये कोर्टाने त्याचा दावा फेटाळला.