चोवीस मतांचा ठराव आणि टेनिसचे चेंडू

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी जर्मन फुटबॉल लीगच्या कारभाऱ्यांनी, अवघ्या दहा आठवड्यांपूर्वी मंजूर करून घेतलेला एक प्रचंड व्यवहार मुकाट्याने गुंडाळून ठेवला. प्रक्षेपणहक्कांच्या पुढील वीस वर्षांच्या उत्पन्नातील सुमारे आठ टक्के हिस्सा एका खासगी गुंतवणूक कंपनीच्या पदरात टाकावयाचा आणि मोबदल्यात जवळजवळ शंभर कोटी युरो घ्यावयाचे, असा तो बेत होता. पहिल्या दोन श्रेणींतील छत्तीस क्लबांपैकी चोवीसांनी त्याच्या बाजूने मत दिले होते. दोनतृतीयांश बहुमतास नेमकी एवढीच मते लागत होती.

हा बेत हाणून पाडला तो उभ्याने सामना पाहणाऱ्या, स्वस्त तिकिटांच्या प्रेक्षकांनी. प्रथम त्यांनी प्रत्येक सामन्याची पहिली बारा मिनिटे मौन पाळले. ज्या मैदानांवर ढोल आणि गाणी क्षणभरही थांबत नाहीत, तेथील ती शांतता दूरचित्रवाणीच्या धंद्याला अधिकच बोचली असावी. पुढे मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा आणि चॉकलेटच्या नाण्यांचा वर्षाव सुरू झाला; दूरनियंत्रित खेळण्यातील मोटारी हिरवळीवर फिरू लागल्या. बर्लिनमधील दुसऱ्या श्रेणीचा एक सामना अर्धा तास खोळंबला. ज्या मालाचा सौदा व्हावयाचा होता तो मालच वेळेवर पोहोचेनासा झाला, तेव्हा दोन इच्छुक कंपन्यांपैकी एकीने काढता पाय घेतला आणि थोड्याच दिवसांत लीगनेही हात टेकले.

ही केवळ प्रेक्षकांची हुल्लड होती असे मानणाऱ्यांनी जर्मन क्लबांची घडण ध्यानात घ्यावयास हवी. १९६३ साली सोळा संघांनिशी बुंडेसलिगा सुरू झाली, तेव्हा तिचे क्लब ही नोंदणीकृत मंडळे होती. त्यांना सभासद होते, मालक नव्हते. गेल्सेनकिर्शेनचा शाल्के हा कोळसाखाणींच्या वस्तीत वाढलेला क्लब. रूर प्रदेशातील शेवटची खाण २०१८ साली बंद झाली, तरी त्याला आजही ‘खाणकामगार’ याच नावाने हाक मारली जाते. १९९८ साली क्लबांना आपला व्यावसायिक विभाग कंपनीत रूपांतरित करण्याची मुभा मिळाली, परंतु एका अटीवर: त्या कंपनीतील निम्म्याहून एक तरी अधिक मत मूळ मंडळाच्या, म्हणजे सभासदांच्या, हाती राहिले पाहिजे. हाच तो ‘पन्नास अधिक एक’चा नियम. पैसा कोणीही घालावा, निर्णय मात्र सर्वसाधारण सभेला उत्तरदायी राहावा, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

या नियमाला पहिल्या दिवसापासून भोके आहेत, हेही सांगितले पाहिजे. लेव्हरकुसेनचा संघ बायर या औषधकंपनीचा आणि वोल्फ्सबुर्गचा फोक्सवागेनचा. दीर्घकाळ पैसा पुरविल्याच्या नावाखाली दोघांना सवलत मिळाली. होफेनहाइमच्या धनाढ्य आश्रयदात्यालाही ती २०१५ साली मिळाली, पण २०२३ मध्ये त्याने बहुमताचा अधिकार आपण होऊन मूळ मंडळाला परत केला. लाइपझिगची कथा सर्वांत निराळी. एका पेयकंपनीने २००९ साली एका छोट्या क्लबाचा खेळण्याचा परवाना मिळवून तेथे नवा संघ उभा केला. कंपनीचे नाव क्लबाला देता येत नाही, म्हणून तीच आद्याक्षरे जुळतील असा ‘हिरवळीवरील चेंडूचा खेळ’ अशा अर्थाचा शब्द शोधण्यात आला! डॉर्टमुंडच्या क्लबाला दोन लाखांहून अधिक सभासद आहेत. लाइपझिगमध्ये मतदानाचा अधिकार वर्षानुवर्षे मूठभरांपुरताच राहिला. नियमाचे अक्षर पाळून त्याचा जीव घेण्याचा याहून नामी नमुना दुसरा नसेल.

पण खरा धोका हानोव्हरच्या प्रकरणाने उघड केला. तेथील मूळ मंडळाने डिसेंबर २०२३ च्या त्या मतदानात विरोधी मत द्यावे अशी सूचना आपल्या व्यवस्थापकास दिली होती. मतदान गुप्त होते, आणि आपण कोणत्या बाजूला मत टाकले हे सांगण्यास त्या गृहस्थाने नकार दिला. ठराव एकाही मताच्या फरकाने पडला असता, हे लक्षात घेता सभासदांचा संताप समजण्यासारखा आहे. कागदावर बहुमत असून भागत नाही. ज्याला आज्ञा द्यावयाची तो ती मानतो की नाही हे तपासण्याची सोयही हवी.

नियमाचे विरोधक म्हणतात की, त्याच्यामुळेच लीग निरस झाली. २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षे विजेतेपद बायर्न म्युनिककडेच राहिले. आक्षेप पोकळ नाही. परंतु बायर्नमध्येही तीन बड्या कंपन्यांचा एकत्रित वाटा एकचतुर्थांशच आहे. त्याचे वर्चस्व वाढले ते युरोपीय स्पर्धांच्या पैशाने आणि प्रक्षेपणाच्या विषम वाटपाने. त्यावर उपाय वाटप बदलणे हा आहे. बायर्नची साखळी २०२४ साली तुटली ती लेव्हरकुसेनकडून, म्हणजे सवलतीतील कंपनीच्या संघाकडून, हे सभासदवाद्यांना रुचणारे नसले तरी सत्य आहे.

भांडवल उभारण्याचा दुसरा मार्गच नाही, हा दावा मात्र टिकत नाही. पूर्व बर्लिनच्या युनियन क्लबाचे मैदान २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी श्रमदानाने नव्याने उभे केले. हाम्बुर्गच्या सांक्ट पाउलीने २०२४ मध्ये सहकारी संस्था स्थापून प्रत्येकी ८५० युरोंचे भाग विकावयास काढले, आणि वीस हजारांहून अधिक लोकांनी मैदानासाठी जवळजवळ तीन कोटी युरो जमविले. त्या सहकारी संस्थेत भाग कितीही घेतले तरी मत एकच.

जर्मनीच्या स्पर्धा-नियामक कार्यालयाने जून २०२५ मध्ये आपले मत दिले: नियम टिकू शकेल, परंतु तो सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे, जुन्या सवलती कायमच्या राहू शकत नाहीत आणि सभासदत्वाची दारे सर्वत्र खुली असली पाहिजेत. म्हणजे लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग आणि लाइपझिग यांचा प्रश्न आता लीगच्याच टेबलावर आला आहे, आणि तेथे मत देणार आहेत तेच छत्तीस क्लब.