लेबलवर नाव कोणाचे?

शेलूबाजारच्या मशिनीवर शिवलेला शर्ट परक्या लेबलखाली विकला गेला, तर हुनर आपला राहतो आणि नाव दुसऱ्याचे होते. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आमचे ठाम मत आहे की, आपल्या कारागिरांनी आता स्वतःचे लेबल लावलेच पाहिजे.

लेबलची ताकद जुन्या व्यापाऱ्यांना पक्की ठाऊक होती. मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात येई, तेव्हा थानावर देवदेवता, वाघ, राजे यांची रंगीत कागदी तिकिटे चिकटवलेली असत. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनीही तेच केले. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही चित्र पाहून माल ओळखे आणि पुढच्या खेपेला तोच मागे.

त्या चित्रांसाठी मोठे छापखाने लागत. आज ते काम घरातला शिकलेला मुलगा संगणकावर करू शकतो. फोटोशॉप विकत घेणे परवडत नसेल, तर १९९६ पासून मोफत मिळणारे जिम्प आहे. चोरलेली प्रत कशाला हवी? दोन बाय तीन इंचांचे लेबल ३०० डीपीआयवर बनवायचे, तर चित्र किमान ६०० बाय ९०० पिक्सेलचे हवे. मोबाइलवर फिरत आलेला पुसट फोटो छपाईत आणखी पुसट दिसतो. मराठी-उर्दू मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. नाव, साइज, किंमत वेगवेगळ्या लेयरवर ठेवावी, म्हणजे पुढच्या लॉटला तेवढेच बदलता येते. पडद्यावरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही, म्हणून आधी एक नमुना छापून पाहावा. आणि बाहेरून काम करून घेतले, तर मूळ फाइल मागून घ्यावी.

काही बांधव म्हणतात, "आमच्या नावाने कोण घेणार? मोठ्या कंपनीचे लेबल लावले की माल लगेच खपतो." हे सॉफ्टवेअर नक्कलही तितकीच सोपी करते, हे खरे. पण ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये खोट्या चिन्हासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. असा माल विकणारा दुकानदारही त्यात येतो. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ आहे. माल चांगला निघाला तर गिऱ्हाईक त्या कंपनीला दुवा देईल. खराब निघाला तर आपल्या दुकानात येऊन भांडेल. यात आपली कमाई ती काय?

आपले नाव मात्र आपल्याच नावावर करता येते. कापड वर्ग २४ मध्ये आणि तयार कपडे वर्ग २५ मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते. लेबलवर नाव, पत्ता, साइज, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन स्पष्ट छापावा. सुती नसेल तर सुती लिहू नये.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आपल्या गावाला त्यावर चढायची वाट मिळाली. माल आता लांब जाईल. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे आपल्या वतीने लेबलच बोलणार आहे. बांधवांनो, त्यावर आपले नाव आणि 'शेलूबाजार, जि. वाशीम' एवढे तरी ठळक छापा.