उपशयाची टक्केवारी आणि रुग्णाचे म्हणणे

आयुर्वेदीय प्रबंध व नियतकालिके यांतील चिकित्सालयीन अध्ययनांची एक ठरावीक मांडणी वैद्यवर्गाच्या चांगल्या परिचयाची आहे. शूल, स्तब्धता, चलनकष्ट अशा लक्षणांना ० ते ३ अशी श्रेणी द्यायची, चिकित्सेपूर्वीच्या व नंतरच्या अंकांची बेरीज करून सरासरी काढायची आणि अखेरीस ‘अमुक टक्के उपशय’ असे लिहून मोकळे व्हायचे. प्रस्तुत लेखकाने आपला प्रबंध याच वाटेने पुरा केला. आज पिंपरी-चिंचवड परिसरात कटिग्रहाचे व जानुसंधिगत वाताचे रुग्ण पाहताना मात्र त्या टक्केवारीवरील विश्वास उरलेला नाही.

रुग्ण ‘वेदना मध्यम आहे’ म्हणाला की आपण २ लिहितो, ‘तीव्र आहे’ म्हणाला की ३. हे अंक केवळ क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. तीव्र वेदना मध्यमावर येणे आणि सौम्य वेदना नाहीशी होणे या दोन गोष्टी रुग्णाच्या दृष्टीने सारख्या असतात काय? बेरीज मात्र त्यांना सारखेच मानते. शिवाय रुग्ण बहुधा वेदना वाढल्यावरच येतो. त्यामुळे पुढची नोंद औषधाशिवायही थोडी खाली येऊ शकते. तुलनेचा गट नसेल तर तेही श्रेय आपण औषधाला देऊन टाकतो.

समजा, कटिशूलाचे १० रुग्ण आहेत व ० ते १० या मापावर सर्वांची वेदना ८ आहे. महिन्याने ५ जण २ वर आले, ५ जण ८ वरच राहिले. सरासरी ५. दुसऱ्या गटात दहाही जण ५ वर आले. सरासरी तीच. कागदावर दोन्ही चिकित्सा समान ठरल्या. वस्तुतः पहिल्या गटात ५ एवढी वेदना असलेला एकही रुग्ण नाही! कोणत्या प्रकृतीच्या, कोणत्या अवस्थेतील रुग्णास औषध लागू पडले व कोणास पडले नाही, हे वैद्याला शिकण्यासारखे असते आणि सरासरीत नेमके तेच बुजते.

आमच्या भागात याहून बिकट प्रश्न आहे तो न परतणाऱ्या रुग्णांचा. भोसरी ते चाकण पट्ट्यातील कारखान्यांत कंत्राटी कामगार पुष्कळ, त्यांतील अनेक मराठवाडा-विदर्भातून आलेले. समजा, ४० रुग्ण नोंदले आणि १२ पुन्हा आले नाहीत. आपण त्यांच्यावर ‘अनियमित’ असा शेरा मारतो आणि उरलेल्या २८ जणांवर टक्केवारी काढतो. त्या १२ जणांपैकी कोणी बरा झाला म्हणून आला नसेल, कोणी कंत्राट संपून गावी गेला असेल; पण कोणाची कंबर इतकी धरली असेल की यंत्रापुढे उभे राहणे अशक्य होऊन त्याने कामच सोडले. हा शेवटचा वर्ग गळाला की उपशय आपोआप फुगतो.

जे येतात तेही सारे सांगतातच असे नाही. चाकणच्या एका तरुण कामगाराने प्रश्नावलीत सर्वत्र ‘त्रास नाही’ असे भरले. उठताना मात्र टेबलाचा आधार घेतला. विचारले तर म्हणाला, “डॉक्टर, हा कागद कंपनीत जाणार नाही ना?”

प्रश्नावल्या टाकाऊ आहेत, असे म्हणायचे नाही. सुश्रुतांनी स्वस्थाच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही घातली. ती रुग्णास विचारल्यावाचून कळणार कशी? परंतु अंक कशाचा बनला आहे, हे पाहावे लागते. गुडघ्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘वोमॅक’ प्रश्नावलीत २४ प्रश्न आहेत. ० ते ४ अशा श्रेणीने एकूण अंक ९६ होतात. त्यांत हालचालींचे ६८, वेदनेचे २० आणि स्तब्धतेचे अवघे ८. म्हणजे स्तब्धता समूळ गेली तरी एकूण अंकात तिची दखल जेमतेम लागते.

पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी या प्रश्नावलीत मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे यांसारख्या आपल्याकडील क्रिया आणल्या. त्यांच्याच पुढाकाराने झालेली जानुसंधीच्या ४४० रुग्णांवरील २४ आठवड्यांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुर्वेदीय कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे आहेत काय, हे पाहताना कोणत्या मापावर निर्णय घ्यायचा आणि किती फरकापर्यंत ‘समान’ म्हणायचे हे आधीच ठरवलेले होते. आयुर्वेदीय गटांतील काही रुग्णांचे यकृताशी संबंधित एसजीपीटी वाढले, तेही त्यांनी लपवले नाही. आपण मात्र दहा लक्षणे मोजतो आणि ज्यात फरक दिसला तेवढे निष्कर्षात घेतो.

या त्रैमासिकाच्या संपादक मंडळास माझी सूचना अशी की, केवळ सरासरी उपशय देणारा लेख परत पाठवावा. आधी ठरवलेल्या मर्यादेपर्यंत किती रुग्णांना आराम पडला, किती जैसे थे राहिले, किती बिघडले आणि किती आले नाहीत व का, एवढे तरी प्रत्येक लेखकाने द्यावे. काम वाढेल, हे खरे. आमच्या चिकित्सालयात आता पहिल्याच दिवशी गावाकडील नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक घेतला जातो, आणि ठरल्या तारखेस रुग्ण न आल्यास आठवड्याच्या आत फोन केला जातो.